पहिली डिस्क गोल्फ स्पर्धा: सराव फेऱ्या किती, आणि त्यांत करायचं काय?

डिस्क फेकत कमीत कमी थ्रोमध्ये साखळ्यांच्या बास्केटमध्ये घालायची, या खेळाबद्दलचा तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटजवळच्या एका जंगली कोर्सवर तुमची पहिली पीडीजीए (व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना) सी-टियर, म्हणजे स्थानिक पातळीची, स्पर्धा आहे. गट एमए४, म्हणजे हौशी नवख्यांचा, एकाच दिवशी अठरा-अठरा होलच्या दोन फेऱ्या. हाताशी दोन वीकएंड. नेहमीचा स्कोर पारच्या (ठरलेल्या थ्रोंच्या) वर बारा-तेरा. पुण्यात कॉलेजात अल्टिमेट (फ्रिस्बीचा सांघिक खेळ) खेळल्यामुळे फोरहँड बरा, बॅकहँड बेभरवशाचा, आणि उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. म्हणून विचारलंत, दोन्ही वीकएंडला रोज दोन-दोन फेऱ्या मारून कोर्स पाठच करून टाकू का?

नको. आठ फेऱ्यांनी कोर्स पाठ होईल की नाही कोण जाणे, गुडघा मात्र स्पर्धेच्या दिवशी हमखास बोलेल. उजव्या हाताने बॅकहँड मारताना अंगाचा सगळा पीळ शेवटी उजव्या पायावर येतो, आणि तुमचा तोच पाय दुखरा. माझं म्हणणं असं: पहिल्या वीकएंडला एक संथ फेरी, जिच्यात स्कोर लिहायचाच नाही. दुसऱ्या वीकएंडला एक फेरी हुबेहूब स्पर्धेसारखी, सगळ्या नियमांसकट. मधल्या संध्याकाळी घराजवळ पटिंग (जवळून बास्केटमध्ये टाकणं), आणि सवड मिळालीच तर एखाद्या दिवशी कोर्सवर जाऊन फक्त अवघड तीन-चार होल. एवढं पुरे.

यूडिस्क ॲपवरची तुमची जुनी स्कोरकार्डं उघडून बघा, हे पारवरचे बारा येतात कुठून. एमए४ म्हणजे ८५० च्या खालच्या रेटिंगचा किंवा अजून रेटिंग न लागलेला खेळाडू. या गटातली कार्डं मी बरीच बघत आलोय. बारा होलवर एकेक बोगी (पारपेक्षा एक थ्रो जास्त) असं क्वचित दिसतं. बहुतेक होलवर तीन किंवा चार, आणि मग मध्येच कुठेतरी सात. एक ड्राइव्ह झाडीत, तिथून फटीतून मारायचा मोह, डिस्क बुंध्याला लागून आणखी आत, शेवटी वैतागून मारलेला लांबचा पट, तो बास्केट ओलांडून उताराला. बारातले सहा-सात थ्रो अशा दोन-तीन होलवरच सांडलेले असतात. तेव्हा सराव फेरीकडून एकच गोष्ट मागायची: या होलवर चुकायचंच झालं, तर कुठे चुकलेलं परवडेल? उत्तम थ्रो कुठे पडायला हवा हे टी पॅडवर (पहिला थ्रो मारायच्या जागी) उभं राहिलं की दिसतंच.

पण त्याच्याही आधी स्पर्धेच्या पानावर किंवा टीडीला, म्हणजे स्पर्धेच्या संचालकाला, विचारून लेआउट पक्का करून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच कोर्सवर एकेका होलला बास्केटच्या दोन-तीन जागा असतात, आणि टीही लांबच्या नि जवळच्या अशा वेगवेगळ्या. पुष्कळ नवखे जवळच्या टीवरून मनापासून सराव करतात आणि स्पर्धेत त्यांचा गट लांबच्या टीवरून खेळतो, किंवा उलट. ओबीच्या, म्हणजे हद्दीबाहेरच्या जागेच्या, दोऱ्या बहुधा आदल्या दिवशीच लागतात, पण त्या कुठे लागणार ते कॅडी बुकात (कोर्सच्या माहितीपुस्तिकेत) किंवा नकाशात आधीच दिलेलं असतं. मँडो (जिच्या ठरलेल्या बाजूनेच डिस्क जायला हवी ती खूण) कोणत्या झाडाला आहे, ड्रॉप झोन (दंडानंतर पुढचा थ्रो मारायची ठरलेली जागा) कुठे आहे, हे घरी वाचून ठेवा आणि कोर्सवर जाऊन त्या जागी प्रत्यक्ष उभे राहा. ड्रॉप झोनवरून एक-दोन डिस्क जरूर टाकून बघा. हे फारसं कोणी करत नाही, आणि मग ओबीचा दंड डोक्यात गरगरत असताना आयुष्यात पहिल्यांदाच तो कोन बघतात.

आता संथ फेरी. शक्यतो सकाळी लवकर जा, म्हणजे मागच्या लोकांची घाई नसते. कोणी आलंच तर हात करून पुढे जाऊ द्या. प्रत्येक टीवरून दोन थ्रो. एक तुम्हाला मनातून मारावासा वाटतो तो, आणि दुसरा, ज्याची जराशी लाज वाटते तो, म्हणजे पुटर किंवा मिडरेंज (जवळच्या किंवा मधल्या अंतराची डिस्क) घेऊन फेअरवेवर नुसता सरळ ठेवलेला. दोन्ही कुठे पडले ते लिहून ठेवा. मग चालत बास्केटपर्यंत जा, आणि होल अवघड असेल तर बास्केटकडून टीकडे उलटं चालत या. या उलट्या चालण्यात जेवढं कळतं तेवढं आणखी दहा डिस्क मारूनही कळत नाही.

उदाहरण घ्या. समजा होल २८० फुटांचा, पार तीन. पहिले दीडशे-पावणेदोनशे फूट पाइनच्या दोन रांगांमधला सरळ बोळ, पुढे डावीकडे वळण. उजव्या बाजूने ओढा, तो ओबी. टीवरून बघितलं की वाटतं, ड्रायव्हर (लांब जाणारी डिस्क) काढावा, शेवटी डावीकडे फेड होईल, म्हणजे वळेल, आणि डिस्क बास्केटपाशी जाऊन बसेल. उजव्या हाताच्या बॅकहँडला शेवटचं वळण डावीकडेच असतं, तेव्हा विचार चूक नाही. पण तुमचा बॅकहँड हातातून उशिरा सुटला तर थेट ओढ्यात, आणि लवकर सुटला तर चाळीस फुटांवर डावीकडच्या पाइनला. दोन्ही बाजू महाग.

आता बास्केटकडून उलटं या. मग दिसतं की वळणाच्या पुढे ओढा उजवीकडे दूर निघून जातो आणि तिथे चांगली मोकळी जागा आहे, जी टीवरून दिसतच नव्हती. हेही दिसतं की बास्केटच्या मागे लगेच उतार आहे, लांब गेलेली डिस्क घरंगळत तीस-चाळीस फूट खाली जाईल, आणि तिथून चढावर पट करावा लागेल. झाला निर्णय: टीवरून मिडरेंज, पावणेदोनशे फूट, वळणाच्या तोंडाशी, डावीपेक्षा थोडी उजवी परवडेल इतपत पुढे. दुसरा थ्रो शंभर-एकशेदहा फुटांचा, तुमच्या फोरहँडला सहज झेपणारा, आणि तो बास्केटच्या अलीकडे थांबवायचा. पट पडला तर तीन, नाही पडला तर चार. सात या होलवरून गेला. हे सगळं वहीत एका ओळीत मावतं: "मिड, कोपरा, उजवी चालेल, फोरहँड, अलीकडेच." अठरा होलच्या अठरा ओळी. स्पर्धेत तेवढंच वाचायचं आणि त्यावर टीवर नव्याने चर्चा उघडायची नाही.

तुमच्या जवळच रॉक हिलला, विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात, १९९९ पासून यूएस डिस्क गोल्फ चॅम्पियनशिप होते, साधारण ऑक्टोबरातच. शार्लटपासून ४० किलोमीटर. या वेळी नाही तर पुढच्या वर्षी सरावाच्या दिवसांत तिथे नक्की चक्कर मारा. जगातले सर्वांत लांब मारणारे खेळाडू तिथे वही घेऊन चालताना दिसतील. तिथला सतरावा होल मुद्दाम बघा. अंतर अडीचशे फुटांच्या आसपास, म्हणजे त्यांच्यासाठी हातखंडा, पण बास्केटभोवती गवताच्या गाठी रचून केलेलं बेट. थ्रो सोपा, चूक महाग. दोऱ्यांनी आखलेल्या त्या कोर्सवर कोण किती लांब मारतो यापेक्षा कोणाचा कमी चांगला थ्रोही दोरीच्या आत राहतो यावर आठवडा ठरतो. तुमच्या जंगली कोर्सवर दोऱ्यांच्या जागी झाडं आहेत, एवढाच फरक.

डिस्कबद्दल विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असणार म्हणून सांगून टाकतो. या दोन आठवड्यांत नवीन काही घेऊ नका. डिस्कवरच्या चार आकड्यांपैकी पहिला वेग, मग ग्लाइड (तरंगणं), टर्न (वेगात असतानाचं वळण) आणि फेड (शेवटचं वळण). बारा वेगाची डिस्क तेवढ्या वेगाने फेकता आली तरच छापल्याप्रमाणे उडते. अडीचशे फूट मारणाऱ्याच्या हातून ती निघते आणि लगेच डावीकडे पडते. जंगलात तर तिचं काहीच काम नाही. लेपर्डसारखा सहा-सात वेगाचा फेअरवे ड्रायव्हर, बझसारखा सरळ जाणारा मिडरेंज, एकाच साच्याचे दोन-तीन पुटर, आणि फायरबर्डसारखी एक हट्टी डिस्क, जी वाऱ्यातही शेवटी फेड होतेच आणि तुमच्या फोरहँडला शोभते. एमए४ ला यापेक्षा जास्त बॅग फक्त खांद्याला लागते. संथ फेरीतच ठरवून टाका की कोणत्या डिस्क गाडीतच राहणार.

क्रिकेटमुळे बाउंडरीवरून फेकायची सवय असेल तर टोमॅहॉक, म्हणजे डोक्यावरून उभी फेकलेली डिस्क, बरी जमते. झाडीतून वरच्या वर सुटायला ती कामाची. पण संथ फेरीत मुद्दाम झाडीत उभं राहून ती मारून बघा, कारण वर फांद्यांमध्ये किती आभाळ आहे ते खाली उभं राहिल्यावरच कळतं. खरं तर झाडीतून बाहेर येण्याचा सराव हाच संथ फेरीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. प्रत्येक अवघड होलवर डिस्क जिथे जाण्याची भीती वाटते तिथे एक पुटर हाताने नेऊन ठेवा आणि तिथून फेअरवेवर परत या. गुडघ्यावर बसून, बाजूला एक पाय ताणून, पन्नास फूट आडवी. त्यात काही शौर्य नाही, पण सातचे पाच होतात ते इथेच.

शौर्यावरून आठवलं. २०२१ च्या जागतिक स्पर्धेत, यूटातल्या ऑग्डेनला, जेम्स कॉनरॅडने शेवटच्या होलवर जवळपास अडीचशे फुटांवरून डिस्क थेट बास्केटमध्ये घातली, पॉल मॅकबेथची बरोबरी केली आणि प्लेऑफ जिंकला. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पारायणं करून पाहिलाय. त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, ती घालायची किंवा हरायचं. तुम्ही चौथ्या होलवर झाडीत असता तेव्हा पुढे चौदा होल असतात.

आता दुसरी फेरी, स्पर्धेसारखी. ही एकट्याने खेळू नका. कोर्सवरच्या साप्ताहिक लीगमध्ये नाव घाला किंवा तीन अनोळखी लोकांच्या कार्डात, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटात, सामील व्हा. आपली मित्रमंडळी वाईट नाहीत, पण आपापसात खेळताना पंधरा फुटांचा पट "घे रे, पडलाच समज" म्हणून सोडून दिला जातो. तोच पट स्पर्धेत पहिल्यांदा टाकायची वेळ येते, चौघं शांतपणे बघत असतात, आणि हात जड होतो. या फेरीत प्रत्येक डिस्क साखळ्यांत जाऊन ट्रेमध्ये बसेपर्यंत खेळायची. दोन फुटांवरची असली तरी.

नियम सगळे पाठ करायची गरज नाही, पण जे हमखास आडवे येतात ते अंगवळणी पाडा. तुमची पाळी आली की थ्रोला ३० सेकंद. मिनी मार्कर (खुणेची छोटी डिस्क) पडलेल्या डिस्कच्या पुढे ठेवून डिस्क उचलली, की त्या मार्करच्या मागे २० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल एवढीच तुमची जागा. ए४ कागद उभा ठेवा, जवळजवळ तेवढीच. थ्रो सुटताना एक पाय त्या कागदावर हवा आणि दुसरा मार्करच्या पुढे नको. बास्केटपासून १० मीटरच्या आत असाल तर पट केल्यावर तोल सावरून दाखवायचा आणि मगच पुढे पाऊल. अल्टिमेटवाल्यांना थ्रोच्या मागोमाग धावायची खोड असते, म्हणून हा नियम तुमच्यासाठी जाड अक्षरात. डिस्क शोधायला तीन मिनिटं. हरवली तर दंडाचा एक थ्रो आणि मागच्या जागेवरून पुन्हा. म्हणून झाडीत गेलेली डिस्क सापडेल की नाही याची शंका असेल, तर कार्डाला आधी सांगून प्रोव्हिजनल (राखीव थ्रो) मारून ठेवा, परतीची पायपीट वाचते. फेरी चालू असताना चुकलेला पट "जरा पुन्हा बघतो" म्हणून मारायचा नाही. तो सरावाचा थ्रो धरला जातो आणि दंड लागतो. आपण सगळे एरवी तेच करत असतो, म्हणून ही सवय आठवडाभर आधीच सोडलेली बरी.

स्कोर तुम्हालाही ठेवावा लागेल. दर होलनंतर प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने सांगायचा. शेवटी तुमच्या कार्डात चूक निघाली तर दोन थ्रोचा दंड, मग ती चूक तुमच्या फायद्याची असो की तोट्याची.

पटिंगची सोय घरी करा. जमिनीवर ठेवायची बास्केट नसेल तर अंगणात झाडाचा बुंधाही चालतो. वीस फुटांच्या पलीकडे जाऊ नका. चाळीस फुटांवरचा पट पडला तर आनंद, पण तो चुकल्यावर परतीचा पंधरा फुटांचा राहतो आणि स्पर्धा त्या पंधरा फुटांवर चालते. उतारावर आणि वाऱ्यातही थोडे मारा. समोरून वारा आला की पट वर उचलला जातो, मागून आला की नेमापेक्षा खाली बसतो. ड्राइव्हलाही तसंच: समोरच्या वाऱ्यात डिस्क जास्त उलटते (टर्न होते), मागच्या वाऱ्यात लवकर फेड होते. जंगलात वारा कमी लागतो, पण दोन-चार होल उघड्यावर असतीलच. तिथल्या ओळीपुढे वहीत "वारा बघ" एवढंच लिहून ठेवा.

ऑक्टोबरअखेर आपल्याकडे पानगळ जोरात असते, आणि लाल-पिवळी डिस्क त्या पाचोळ्यात डोळ्यांदेखत गायब होते. निळी, गुलाबी किंवा पांढरी न्या. प्रत्येकीवर नाव आणि फोन नंबर लिहा. ड्राइव्ह मारल्यावर पोटतिडकीने आरडाओरडा न करता ती कोणत्या झाडापाशी पडली ते बघत राहा. कार्डातल्या दुसऱ्या कोणालाही सांगून ठेवा. तीन पानांच्या झुपक्याची पॉयझन आयव्ही या दिवसांत लाल होते, सुंदर दिसते, हात लावू नका. सकाळी गारठा असेल तर प्लास्टिक कडक आणि निसरडं होतं. एक कोरडा टॉवेल बॅगला बाहेर आणि एक आत.

शेवटच्या आठवड्यात गुरुवारनंतर जोराचे ड्राइव्ह बंद. शुक्रवारी संध्याकाळी जमलं तर कोर्सवर नुसतं चालून या, दोऱ्या लागल्या असतील त्या बघा आणि वहीतल्या ओळी त्यांच्याशी ताडून घ्या. एखाद्या ठिकाणी दोरीमुळे बेत बदलावा लागेल. बाकी कुठे बदलू नका. आदल्या दिवशी कोणीतरी पार्किंगमध्ये भेटून "अरे, तिथे सरळ ड्रायव्हरने जातं की" म्हणतोच. त्याचं जात असेल.

शनिवारी निदान एक तास आधी पोचा. शॉटगन स्टार्ट असेल तर सगळी कार्डं एकाच वेळी वेगवेगळ्या टीवरून सुरू होतात, आणि तुमचा पहिला होल टेकडीच्या पलीकडचा अकरावा असू शकतो. चालायलाच दहा मिनिटं लागतात. उशीर होऊन होल हुकला तर त्या होलला पार अधिक चार असा स्कोर मिळतो. गुडघ्याला शेक, हलकी धावपळ, नेटमध्ये किंवा मोकळ्या मैदानात अर्ध्या जोराचे दहाएक थ्रो, मग जवळचे पट. पहिल्या टीवर वहीतलं सर्वांत साधं उत्तर निवडा, मग तो होल सोपा का असेना.

दोन फेऱ्यांच्या मध्ये तास-दीड तास मिळतो. त्यात तुडुंब जेवू नका. स्पर्धा म्हणजे सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास चालणं आहे. पोळीचा रोल, केळं, शेंगदाण्याची चिक्की आणि भरपूर पाणी, हे बहुतेक फूड ट्रकपेक्षा बरं. गुडघा सकाळीच दुखला असेल तर दुपारी टीवरून धाव न घेता उभ्यानेच मारा. तुमचं अंतर वीस-पंचवीस फुटांनी घटेल, आणि वहीत बहुतेक ठिकाणी मिडरेंजच लिहिलेला असल्याने फारसं काही बिघडणार नाही. जिथे जमेल तिथे फोरहँड, म्हणजे भार डाव्या पायावर जाईल. पहिल्या फेरीत जो होल सात झाला, त्याच्या ओळीत काय चुकलं तेवढं तपासा: बेत चुकला की थ्रो? थ्रो चुकला असेल तर बेत तसाच ठेवा.

घरच्यांना बघायला आणावं का, असं शेवटी विचारलंय. खुशाल आणा. प्रेक्षक म्हणून कार्डाच्या मागून चालता येतं, फक्त कोणी थ्रो मारत असताना हालचाल नको आणि आवाज नको. मुलांपैकी कोणाला बॅग उचलायला दिलीत तर तो तुमचा कॅडी झाला, आणि कॅडीने केलेल्या गोंधळाचा दंड तुमच्या कार्डावर लागतो. सात वर्षांच्या मुलाला साखळ्या वाजवायची हौस असते. त्याच्याकडे पाण्याची बाटली द्या, बॅग तुमच्याकडेच ठेवा.